ओठ दिसताहेत तोवर

अकरावीत केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला माझ्या हातातला बीकर तन्वीच्या हातावर उलटला. आत ॲसिड होतं. सौम्य होतं, पण ॲसिडच. तन्वी माझ्या डावीकडे, अगदी खांद्याला खांदा लावून उभी होती. मी वळले तेव्हा माझ्या लेखी तिथं कोणीच नव्हतं. आधी तिचं उघडलेलं तोंड दिसलं, मग कानातल्या मशीनमधून किंकाळी आली.

मॅडमनी तिला धावत नेऊन तिचा हात नळाखाली धरला. माझ्याकडे वळून त्या काहीतरी ओरडल्या. ओरडताना ओठ वाकडे होतात, मला वाचता येत नाहीत. एवढंच कळलं, "लक्ष कुठं असतं तुझं?"

दुसऱ्या दिवशी तन्वीची आई प्रिन्सिपॉल सरांच्या केबिनमध्ये बसली होती. ती माझ्या आईला म्हणाली, "कानाने कमी आहे ते आम्ही समजू शकतो हो. पण मग अशा मुलीला लॅबमध्ये सोडता कशाला?" आई उभ्याउभ्या माफी मागत होती. सर म्हणाले, "एकदा डोळे तपासून घ्या. चष्म्याचा नंबर असेल."

नंबरच निघेल असं मलाही वाटलं. लालसर फ्रेम घ्यायची असं मी मनात ठरवूनसुद्धा टाकलं होतं.

माझी माणसं

मी सायली. आम्ही उलव्याला राहतो. बाबा पावण्याला एका औषधांच्या कंपनीत ऑपरेटर आहेत. तिथल्या लॅबमध्ये पांढरे कोट घालून काम करणाऱ्या मुलींबद्दल ते घरी सांगायचे. त्यांना 'मॅडम' म्हणावं लागतं, हे सांगताना त्यांना हसू यायचं. मला त्यातली एक मॅडम व्हायचं होतं. म्हणून सायन्स घेतलं.

मला जन्मापासून कमी ऐकू येतं. मशीन लावलं की आवाज येतो, पण शब्द तुटक येतात. उरलेले मी ओठांवरून जुळवते. हे मला आईने शिकवलं. रोज दुपारी ती मला समोर बसवून माझा हात स्वतःच्या गळ्याला लावायची आणि एकेक अक्षर म्हणायची. 'प' आणि 'ब' ओठांवर सारखेच दिसतात. फरक गळ्यात असतो. मी बोलायला लागले, साध्या शाळेत गेले, दहावीला चांगले मार्क पडले, ते सगळं तिच्या गळ्यावर हात ठेवून.

तरी दोष आईचाच होता. पोटुशी असताना तिला ताप आला होता आणि तिने न विचारता गोळी घेतली, म्हणून पोर अशी निपजली, असं आजीचं म्हणणं होतं. आजी म्हणजे बाबांची आई. पण ती माझ्या आईची सख्खी आत्याही आहे. माझ्या आईचे वडील तिचे धाकटे भाऊ. बाबांनी मामाच्या मुलीशी लग्न केलं. आमच्या सांगलीकडच्या गावात यात वेगळं काही नाही. मुलगी घरातल्या घरात राहते, सासू म्हणून आत्या मिळते, अनोळखी माणसांत जायला लागत नाही. आई अजूनही सासूला आत्याच म्हणते.

घरात आणखी एक होती, बाबांची धाकटी बहीण, माझी शीतलआत्या. बेलापूरला एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करायची. माझ्यापेक्षा जेमतेम नऊ-दहा वर्षांनी मोठी. आणि दर रविवारी कोपरखैरण्याहून यायचा तो दीपकमामा, आईचा धाकटा भाऊ. तो माझ्याशी बोलताना आपसूक उजेडाकडे तोंड करून बसायचा. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो आणि शीतलआत्या लहानपणापासून एकमेकांचे, हे सगळ्यांना माहीत होतं. आजीला तर केव्हा एकदा तो मुहूर्त निघतो असं झालं होतं.

घुमट

नंबर निघाला नाही. चष्म्याच्या दुकानातल्या डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथून आणखी मोठ्या.

तिथं एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसायचं. नजर मध्ये ठेवायची आणि कडेला उजेडाचा बारीकसा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी अगदी मन लावून बसले. बराच वेळ काही यायचंच नाही. मशीन बिघडलंय की काय असं वाटायचं. मग मध्येच एखादा ठिपका, मी पटकन बटण दाबायचे. एकही चुकवला नाही. बाहेर येऊन आईला म्हणाले, "सोप्पं होतं. फार ठिपके नव्हतेच."

मशीनवरच्या बाई आईकडे बघत राहिल्या.

दुसरी तपासणी अंधाऱ्या खोलीत होती. अंधारात मी पूर्ण बहिरी होते, हे तिथल्या माणसांना कसं कळणार? डोळ्यांना तारा लावलेल्या, समोर काळोख आणि कोणीतरी काहीतरी सांगतंय एवढंच कळत होतं. मी रडायला लागले. तेव्हा त्या खोलीतल्या ताईंनी मोबाइलचा टॉर्च लावला आणि स्वतःच्या हनुवटीखाली धरला. भुतासारखा दिसत होता त्यांचा चेहरा. त्या ओठ हलवत म्हणाल्या, "मी हात दाबला की डोळे उघडायचे. घाबरू नको." त्यांचं नावही मी विचारलं नाही. त्या सगळ्या महिन्यांत मला माणसासारखं वागवलं गेलं ते तेवढंच, असं अजून वाटतं.

शेवटी मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. त्यांच्या तोंडाला मास्क होता. ते आईबाबांशी बोलत होते आणि मला फक्त हलणारं निळं कापड दिसत होतं. मग त्यांनी काहीतरी विचारलं. बाबा आईकडे बघून, जरा थांबून म्हणाले, "मामाची मुलगी." ते मला स्वच्छ वाचता आलं. डोळ्यांच्या डॉक्टरांना हे कशाला सांगताहेत, मला कळेना.

डॉक्टरांनी मान हलवली. आईने पदर तोंडावर घेतला.

माझ्या डोळ्यांत थेंब घातलेले होते, त्यामुळे जवळचं सगळं पुसट होतं. आईने सांगितलं असतं तरी तिचे ओठ मला दिसले नसते. घरी येऊन थेंब उतरेपर्यंत ती थांबली. मग स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली खुर्ची ओढून मला समोर बसवलं, लहानपणी बसवायची तसं, आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं. याला उशर सिंड्रोम म्हणतात. कान आणि डोळे, दोन्ही एकाच आजाराचे. डोळे कडेकडून मिटत येणार. मधलं शेवटपर्यंत राहील कदाचित, कदाचित नाही. औषध नाही.

"मग मी तुम्हाला ऐकणार कशी?" मी विचारलं.

आईने माझा हात उचलून स्वतःच्या गळ्याला लावला. ती बोलत नव्हती. गळा नुसता थरथरत होता.

कोणाचा दोष

डॉक्टरांनी आईबाबांना समजावलं होतं की हा दोष आमच्या घराण्यात मागून चालत आला असणार. एकाच बाजूने आला तर माणसाला काही होत नाही, पत्ताही लागत नाही. आईबाबांची मुळं एकच, म्हणून दोघांकडे तोच दोष होता आणि दोघांचा मिळून माझ्यात उतरला. प्रत्येक नात्यातल्या लग्नात असं होतं असं नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे आईबाबाही मामे-आतेभावंडंच आहेत आणि ती कबड्डी खेळते. पण आमच्यात झालं.

आईने त्या दिवशी पहिल्यांदा आजीला उलट उत्तर दिलं. "आत्या, सतरा वर्षं तुम्ही माझ्या त्या गोळीला धरून बसला होता. गोळी नव्हती ती."

आजी म्हणाली, "म्हंजे आता मी आन् माझा भाऊ दोषी व्हय? आमच्यात समद्यांची अशीच लग्नं झाली. कुणाचं डोळं गेलं का?"

"माझ्या पोरीचे चाललेत."

आजी उठून देवापुढे जाऊन बसली. बाबा मध्ये बोलूच शकत नव्हते, एकीकडे त्यांची आई, दुसरीकडे बायको, आणि दोघी एकाच रक्ताच्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कंपनीतून पिवळी चमकती पट्टी आणली आणि बिल्डिंगच्या जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला चिकटवली. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, लुक खराब होतो. बाबांनी पट्टी काढली नाही. आजाराबद्दल ते माझ्याशी आजपर्यंत बोललेले नाहीत.

कॉलेज

सायन्स सोडावं लागलं. कोणी हाकललं नाही, सगळे गोड बोलले. सर म्हणाले, "आर्ट्सला तुला सोपं जाईल." मॅडम म्हणाल्या, "हेल्थ महत्त्वाची." लॅबचा पांढरा कोट आईने धुऊन, इस्त्री करून शेजारच्या मुलीला देऊन टाकला.

आर्ट्सच्या वर्गात मी पहिल्या बाकावर बसायचे. सर फळ्याकडे वळले की वाक्य मधेच तुटायचं. चालत शिकवायला लागले की आणखी पंचाईत, कारण आता माझ्या डोळ्यांत एका वेळी एक चेहरा मावतो, तोही हलता नको. मैत्रिणींच्या घोळक्यात तर मी जाणंच सोडलं. चारजणी बोलत असल्या तर मी जिच्या ओठांवर पोचायचे तिचं बोलून झालेलं असायचं. सगळ्या हसल्या की मीही हसायचे. एकदा एकीची आजी गेली होती आणि मी हसले. त्यानंतर मला कोणी कॅन्टीनला बोलावलं नाही.

दिवस मावळला की मला काहीच दिसत नाही, कोणाला तरी हाताला धरून न्यावं लागतं. क्लास संध्याकाळचे, म्हणून क्लास बंद. कॉलेजला जाताना स्टॉलच्या पाट्यांवर, कुत्र्यांवर, एकदा एका काकांच्या स्कूटरवर आदळले. काका म्हणाले, "आंधळी आहेस का?" मी म्हणाले, "हो, होतेय." त्यांना ती चेष्टा वाटली.

बारावीची परीक्षा दिली आणि मी घरात बसले. सकाळी उठायचं कशाला, हे मला खरंच सापडत नव्हतं. आई ताट आणून ठेवायची, तसंच परत न्यायची. मला आंधळं होण्याची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती मी कोणाला सांगितली नव्हती. शेवटचा चेहरा दिसेनासा होईल तेव्हा शेवटचा आवाजही जाईल. मग मी जिवंत असेन आणि तिथपर्यंत कोणी पोचू शकणार नाही.

लग्न

अशात घरात दीपकमामा आणि शीतलआत्याच्या लग्नाची बोलणी सुरू झाली.

माझ्यापासून काही लपवायचं असलं की घरातले आवाज बारीक करतात. मला त्याचा काय फरक पडणार? मी हॉलमध्ये बसले होते आणि स्वयंपाकघरात, खिडकीच्या उजेडात आजी आईला सांगत होती. "डॉक्टर कायबी सांगत्यात. तपासनी-बिपासनी काय न्हाय करायची. पोरांच्या मनात कशाला भरवायचं? सायलीचं तिच्या नशिबानं झालं."

आई म्हणाली, "डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय आत्या, दीपकची आणि शीतलची तपासणी करा म्हणून."

"तू तोंड उघडलंस तर तुजा बा तुला दारात उभं करणार न्हाय. ध्यानात ठेव."

आई गप्प बसली. मला तिचा राग आला नाही. सासरी भांडण झालं की बायका माहेरी जातात. आईने जायचं कुठं? तिथंही हीच माणसं.

म्हणून मी बोलले. दुसऱ्या दिवशी शीतलआत्या ऑफिसला निघाली तेव्हा मी तिच्या मागोमाग खाली उतरले आणि गेटपाशी तिला सगळं सांगितलं. ती आधी हसली. "टेन्शन नको घेऊ गं, आम्ही दोघं एकदम फिट आहोत."

"आई आणि बाबापण फिट आहेत," मी म्हणाले.

तिचं हसू जागच्या जागी राहिलं.

दोघांनी घरी न सांगता तपासणीला रक्त दिलं. रिपोर्ट यायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत मामा रविवारी यायचा, माझ्यासमोर उजेडात बसायचा आणि माझ्या डोळ्यांकडे असं बघायचा, की मीच डोळे वळवायचे. मी मनातल्या मनात म्हणायचे, काही निघू नये. दोघांपैकी एकाचं तरी साफ निघावं.

दोघांकडेही निघालं.

मामा लग्नाला तयार होता. "मूल नको म्हणू या," तो म्हणाला, "किंवा दत्तक घेऊ." डॉक्टरांनी इतरही मार्ग आहेत असं सांगितलं होतं म्हणे. पण शीतलआत्याला स्वतःचं मूल हवं होतं आणि तिच्या मनात भीती बसली ती बसलीच. तिने लग्न मोडलं.

आईचे वडील, माझे आजोबा, गावाहून आले. हॉलमध्ये उभे राहूनच बोलले, पाणीही घेतलं नाही. माझ्याकडे त्यांची पाठ होती, त्यामुळे ते काय म्हणाले ते मला कळलं नाही. मला फक्त त्यांच्यासमोर उभी असलेली आई दिसत होती. ती एकच शब्द परत परत म्हणत होती, "अण्णा. अण्णा. अण्णा." आजी आपली बॅग घेऊन भावाबरोबर निघून गेली. त्यानंतर दिवाळीला ना माहेरचा फोन आला, ना सासरचा. दोन्हीकडचा नंबर एकच होता.

मामा मला रोज मेसेज करायचा. तेही थांबले. पुढच्या वर्षी त्याचं बाहेरच्या मुलीशी लग्न झालं. आम्हाला बोलावणं नव्हतं.

शीतलआत्या

काही महिन्यांनी शीतलआत्याने बेलापूरला मैत्रिणींबरोबर खोली घेतली. जायच्या दिवशी दुपारी ती बॅग भरत होती. मी दारात उभी राहून विचारलं. ते विचारायला मी कितीतरी दिवस धीर गोळा करत होते.

"माझ्यासारखी मुलगी झाली असती म्हणून मोडलंस ना?"

ती बराच वेळ हातातल्या ओढणीची घडी घालत राहिली. ती तोंड फिरवून काहीही बोलू शकली असती. मला कळलं नसतं आणि मी पुन्हा विचारलंही नसतं. पण ती उठली, मला खिडकीपाशी घेऊन गेली, माझ्या समोर उभी राहिली आणि सावकाश म्हणाली,

"हो. तू कशी जगतेस ते मी रोज बघितलंय, सायली. मला ते दुसऱ्यांदा बघवलं नसतं."

मग ती रडली आणि मला जवळ घेतलं. मी तशीच उभी राहिले. ती बरोबर होती. तिला हे मीच सांगितलं होतं. माझ्या घरच्यांनी माझं म्हणणं ऐकून केलेली तेवढी एकच गोष्ट, आणि ती म्हणजे माझ्यासारखं कोणी जन्माला येऊ नये.

आता मी एकवीस वर्षांची आहे. हात लांब केला तर त्याचा पंजा मावेल एवढीच माझी नजर उरली आहे. आठवड्यातून दोनदा आई मला वाशीला ब्रेल शिकायला नेते. माझी बोटं अजून चुकतात. घरी आम्ही दोघी तळहातावर अक्षरं गिरवून बोलायचा सराव करतो, पुढच्यासाठी. आई हल्ली 'क' गिरवताना मधेच थांबते आणि माझा तळहात तसाच धरून बसते. मला बरं वाटत नाही. बरं वाटेल असं कोणी सांगितलं तर मी आता मान हलवत नाही.

हे मी अशा घरांसाठी लिहिते आहे, जिथे नात्यात लग्न ठरतंय आणि नात्यातच कोणीतरी माझ्यासारखं आहे. डॉक्टरांकडे जा. मुलामुलीला खरं सांगा, बैठकीच्या आधी सांगा. रागावणारे रागावतील. मी आजही तेच केलं असतं.

फक्त एक करा. 'असलं मूल पुन्हा नको' हे म्हणायची वेळ येईल, तेव्हा त्या खोलीत ते मूल कुठं बसलंय ते आधी बघा. त्याला ऐकू येत नसेल. तरी ते तुमच्या तोंडाकडेच बघत असतं.